किक मारली तरी फटफटी चालू होईना

कामशेत, वडगाव, लोणावळा या भागात काही घरी जुनी जावा किंवा येझदी फटफटी अजून जपून ठेवलेली आहे. कुणी तिच्यावर दूध नेले, कुणी तिच्यावरून नवरी घरी आणली. म्हैसूरच्या कारखान्यातून ही गाडी १९६१ सालापासून निघू लागली. पुढे तिला येझदी नाव मिळाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा नावाच्या नव्या गाड्या निघाल्या खऱ्या, पण त्यांचे इंजिन निराळे. त्यांचा पिस्टन जुन्या गाडीला बसत नाही. जुन्या गाडीचा एखादा भाग मोडला, तर तो शोधत हिंडावे लागते. म्हणून घाईने इंजिन खोलू नये.

पावसाळा संपला, गाडी बाहेर काढली. किक मारून मारून पाय दुखला, पण गाडी बोलेना. शेजारी म्हणतो, "दादा, इंजिनच खोलू या!" जरा थांबा. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी आणि दाब. आधी त्या पाहा.

मावळात चार महिने हवा ओली असते. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. ते पाणी ओढून घेते. पाणी पेट्रोलापेक्षा जड. ते टाकीच्या तळाशी बसते आणि तिथून कार्बोरेटरमध्ये उतरते. म्हणून जुने पेट्रोल डब्यात काढा. कार्बोरेटरची वाटी खोलून पुसा. जेटचे भोक पंपाच्या हवेने साफ करा. त्यात तार घालू नका, भोक मोठे होते. हे काम उघड्या अंगणात करा. जवळ विडी नको, चूल नको, कंदील नको.

आता ठिणगी. पेट्रोलचा कॉक बंद करा. प्लग काढून पुसा. टोपी लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. किक मारा. निळी ठिणगी उडाली तर ठीक. नाही उडाली तर बॅटरी पाहा. या जुन्या गाड्यांत बॅटरी उतरली की ठिणगीही जाते. बॅटरी चांगली असेल, तर पॉइंट साफ करा. पॉइंट पूर्ण उघडल्यावर मधली फट ०.४ मिलिमीटर हवी. बहुतेक गाड्या इथवरच्या कामाने चालू होतात.

नाही झाली, तर प्लगच्या भोकावर अंगठा दाबा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. हवेने अंगठा उडाला पाहिजे. अंगठा जागचा हलत नसेल, तर दाब नाही. मग मात्र हेड उतरवा.

ब्लॉक सरळ वर उचला. खालच्या तोंडात लगेच स्वच्छ फडके कोंबा. आत एक वायसर पडला तरी सगळे इंजिन खोलावे लागते. पिस्टनची पुढची बाजू खूण करून ठेवा. काजळी लाकडाच्या पट्टीने खरवडा, पेचकसाने नव्हे. ब्लॉकला आतून ओरखडे असतील, तर तो लेथवाल्याकडे न्या. ते घरचे काम नाही.

नवी रिंग बसवताना डोळ्यांत तेल घालून पाहा. पिस्टनच्या खाचेत एक बारीक खिळा असतो. रिंगेची टोके त्या खिळ्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत. रिंग फिरलेली राहिली, तर तिचे टोक ब्लॉकच्या खिडकीत अडकते. रिंग तुटते, पिस्टनही जातो. फडके काढायला विसरू नका. हेडचे नट कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे आवळा.

या इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळते. एका लिटरला सुमारे ४० मिलिलिटर टू-टी तेल घाला. तेल कमी पडले की पिस्टन जाम होतो. नव्या रिंगेवर पहिले ५०० किलोमीटर गाडी सावकाश चालवा, मागे ओझे घेऊ नका. खंडाळ्याचा घाट चढायचाच झाला, तर मध्ये थांबून इंजिन निवू द्या.