जगातील प्रमुख धर्म : उगम आणि वर्गीकरण

उमरीस दर्शनासाठी येणारे अनेक भाविक येथूनच पुढे रेल्वेने नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनास जातात. काहीजण उलट दिशेने धर्माबादमार्गे गोदातीरावरील बासर येथे श्रीसरस्वतीच्या चरणी जातात. या यात्रेत एक प्रश्न हमखास निघतो. जगात मुख्य धर्म किती, त्यांतील सर्वांत प्राचीन कोणता, आणि शीख, जैन, बौद्ध यांची गणना कोठे करावयाची? जिज्ञासू भाविकांसाठी या विषयाची थोडक्यात माहिती येथे देत आहोत.

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. 'धर्म' हा शब्द 'धृ' म्हणजे धारण करणे या धातूपासून आला. राजधर्म, कुळधर्म, शेजारधर्म असे आपण सहज म्हणतो, तेव्हा पंथ किंवा उपासना एवढाच अर्थ आपल्या मनात नसतो. इंग्रजीतील 'रिलिजन'साठी हाच शब्द रूढ झाल्यामुळे आज त्याच्यावर दोन अर्थांचा भार पडला आहे. 'हिंदू' हे नावही मुळात 'सिंधू' या नदीनामाचे इराणी उच्चारातील रूप होय. ते आधी प्रदेशाचे व तेथील लोकांचे नाव होते, उपासनेचे नाव पुष्कळ नंतर झाले.

उगमाच्या दृष्टीने पाहता आजचे बहुतेक मोठे धर्म आशिया खंडात उदयास आले. पश्चिम आशियात यहुदी धर्म, त्यातून इसवी सनाच्या पहिल्या शतकात ख्रिस्ती धर्म आणि सातव्या शतकात अरबस्तानात इस्लाम, अशी एक परंपरा आहे. तिन्ही धर्म अब्राहमास आपला पूर्वज मानतात. इराणात जरथुष्ट्राने उपदेश केला. त्याचे अनुयायी पारशी म्हणून आपल्या परिचयाचे आहेत. चीनमध्ये कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) व ताओ यांचे मार्ग, तर जपानात शिंतो. भारतात वैदिक परंपरा व तीतून विस्तारलेले हिंदू संप्रदाय, भगवान महावीर व भगवान बुद्ध यांच्या श्रमण परंपरा, आणि गुरू नानकदेवांपासून (जन्म १४६९) शीख धर्म. अनुयायांची संख्या पाहिली तर २०२० च्या अंदाजानुसार ख्रिस्ती सुमारे २३० कोटी, मुस्लिम सुमारे २०० कोटी आणि हिंदू सुमारे १२० कोटी होते. कोणत्याही धर्माशी स्वतःस न जोडणारे लोकही १९० कोटींच्या घरात होते. यहुदी मात्र दीड कोटींहूनही कमी.

वर्गीकरणाचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भाषाकुळांच्या आधारे धर्मांचे आर्य, सेमिटिक व तुराणी असे गट केले. परंतु बौद्ध धर्माचे बहुसंख्य अनुयायी चीन, जपान, थायलंड येथील, म्हणजे आर्यकुळाबाहेरच्या भाषा बोलणारे. आणि सेमिटिक भूमीतील ख्रिस्ती धर्माचा विस्तार झाला तो मुख्यतः युरोपात. संस्थापक असलेले व नसलेले, असा भेद करावा तर जैन परंपरा महावीरांना संस्थापक न मानता चोविसावे तीर्थंकर मानते. ईश्वर हे लक्षण धरावे तर जैन व बौद्ध हे दोन्ही धर्म सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाहीत. प्रत्येक मापात काहीतरी उरतेच.

आपल्या पूर्वजांनीही वर्गीकरण केले होते, पण त्यांचे माप वेगळे होते. आस्तिक म्हणजे देव मानणारा, असा अर्थ आज रूढ आहे. दर्शनशास्त्रात मात्र आस्तिक म्हणजे वेदप्रामाण्य मानणारा. त्यामुळे सृष्टिकर्त्या ईश्वराची आवश्यकता न मानणारे पूर्वमीमांसादर्शनही आस्तिकांतच मोडते. आठव्या शतकातील जैन आचार्य हरिभद्रसूरींनी 'षड्दर्शनसमुच्चय' लिहिला, तेव्हा त्यांच्या सहा दर्शनांत बौद्ध आणि जैन या दोहोंना स्थान मिळाले. वैदिक परंपरेच्या सहा दर्शनांत ही दोन्ही नाहीत. संख्या तीच, यादी निराळी! मोजणारा कोण, यावर किती अवलंबून असते, हे यावरून ध्यानी येईल.

म्हणून ही गणना निरर्थक आहे, असे मात्र समजू नये. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या २,४८७ होती. १९६१ मध्ये ती २७,८९,५०१ झाली. मधल्या काळात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्या अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली होती. जनगणनेच्या एका रकान्यात स्वतःच्या हाताने निवडलेले नाव लिहिले जाणे, ही त्या लाखो कुटुंबांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. त्याची किंमतही त्यांनी मोजली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश केंद्राने १९९० मध्ये केला.

आता आपल्या परिसराकडे वळू. गुरू गोबिंदसिंहजींनी १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवण्यापूर्वी गुरुपद ग्रंथसाहिबास दिले. त्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत, शेख फरीद व कबीर यांचीही वाणी आहे. नामदेवांची नरसी हिंगोली जिल्ह्यातील. नायगावजवळची आपली नरसी वेगळी, तेथे चौकशी करीत जाणाऱ्या भाविकांनी हे ध्यानात ठेवावे. माहूरगडावर श्रीरेणुकामातेचे स्थान आहे, दत्तशिखर आहे आणि महानुभावांचे देवदेवेश्वरही आहे. एकच श्रीदत्तात्रेय, पण महानुभाव त्यांना पंचकृष्णांपैकी एक मानतात आणि त्यांचा आचार स्वतंत्र आहे. एकाच गडाची ही माहिती तक्त्यात भरू गेल्यास रकाने अपुरे पडतील.

लातूरचे प्राचीन नाव लट्टलूर. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. वेरूळचे कैलास लेणे त्यांच्याच काळातील. वेरूळच्या मुख्य ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू व ३० ते ३४ जैन आहेत. हे क्रमांक केवळ डोंगराच्या कडेने दिलेले आहेत, परंतु अनेकजण तो कालक्रम समजतात. वास्तविक २९ वे धुमार लेणे ११ व १२ या बौद्ध लेण्यांहून जुने आहे. याच घराण्यातील अमोघवर्ष (राज्यकाल इ.स. ८१४ ते ८७८) जैन आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानीत असे, आणि प्रजेवरील संकट टळावे म्हणून त्याने आपले बोट महालक्ष्मीस अर्पण केल्याचे इ.स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात म्हटले आहे.

देणगीदारांना विशेष वाटावा असा ताम्रपट पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळाला. तो राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील, शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. संजाणचा कारभार त्या वेळी मधुमती नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असावे, असे अभ्यासक मानतात. ताम्रपट त्याची ओळख 'ताजिक', म्हणजे अरब, अशी करून देतो. त्याने लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केली, अन्नसत्र घातले, आणि भगवती देवीच्या मठिकेस एक गाव व काही जमीन दान दिली. त्या उत्पन्नातून मठिकेची डागडुजी व्हावी, देवीस नैवेद्य दाखविला जावा आणि तेथे नऊ जणांचे भोजन चालावे, असे दानपत्रात लिहून ठेवले आहे.