सूक्ष्म शेवाळ व कर्करोग

पावसाळ्यांत विहिरीच्या पायऱ्यांवर जो हिरवा, निसरडा थर चढतो त्यास आपण शेवाळ म्हणतों. त्याच्या गोतांतील कांहीं जीव इतके लहान असतात कीं सूक्ष्मदर्शक यंत्रावांचून ते दिसत नाहींत. त्यांपैकीं स्पिरुलिना व क्लोरेला हे दोन हल्लीं गोळ्यांच्या व भुकटीच्या रूपानें औषधांच्या दुकानांत मिळतात. आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें अशीच एक डबी दाखवून मला विचारिलें, "सर, आजोबांच्या गालांत आंतून पांढरा चट्टा पडला आहे. ते तंबाखू खातात. ह्या गोळ्यांनीं कर्करोग टळेल काय?" त्यास मीं जें उत्तर दिलें तेंच येथें विस्तारानें देतों.

प्रथम ह्या वस्तूची ओळख करून घेऊं. स्पिरुलिना ही मळसूत्रासारखी वळलेली, निळसर हिरवी जीवजाति आहे. आफ्रिकेंतील चाड सरोवराच्या कांठच्या कानेंबू स्त्रिया ती पाण्यांतून गाळून, उन्हांत वाळवून तिच्या वड्या करितात व त्या कालवणांत घालतात. मेक्सिकोंतील प्राचीन आझ्टेक लोकही ती सरोवरांतून काढून खात. तिच्या शुष्क वजनाचा शेंकडा ५५ ते ७० भाग प्रथिनांचा असतो. तथापि १ ग्रॅमच्या मात्रेंत अर्ध्या ग्रॅमहून थोडेंच अधिक प्रथिन आलें; वाटीभर वरणांत त्याच्या कितीतरी पट असतें! शिवाय अन्न पौष्टिक असणें निराळें व त्यानें रोग बरा होणें निराळें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. केरळांतील पानतंबाखू खाणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या तोंडांत ल्युकोप्लाकिया नांवाचे पांढरे चट्टे होते. असा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु कांहीं चट्ट्यांचें पुढें कर्करोगांत रूपांतर होतें. ४४ जणांस वर्षभर रोज १ ग्रॅम स्पिरुलिना देण्यांत आली व ४३ जणांस औषधी गुण नसलेली गोळी. पहिल्या गटांतील २० जणांचे चट्टे पूर्णपणें नाहींसे झाले, दुसऱ्या गटांत केवळ ३ जणांचे. हें वाचून जो हर्षभरित होईल त्यानें पुढील वाक्यही वाचावें: स्पिरुलिना बंद केल्यावर एका वर्षाच्या आंत त्या २० पैकीं ९ जणांस चट्टे पुन्हां आले. सारांश, प्रयोग आशादायक खरा. पण माणसें थोडीं, गुण अस्थिर, आणि प्रत्यक्ष कर्करोग बरा झाल्याचा पुरावा त्यांत मुळींच नाहीं.

आशेनें किती फसगत होते ह्याचें उदाहरण फिनलंड देशांत घडलें. भाजीपाल्यांत व स्पिरुलिनेंतही असणारें बीटा-कॅरोटीन कर्करोगास अटकाव करील, अशा समजुतीनें तेथें २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. १९९४ सालीं निकाल लागला तो उलटाच. ज्यांस तें द्रव्य दिलें, त्यांच्यांत फुप्फुसाचा कर्करोग शेंकडा १८ नें अधिक आढळला.

आणखीही सावधगिरी हवी. उघड्या तळ्यांतून काढलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळांत यकृतास घातक असें मायक्रोसिस्टिन नांवाचें विष मिसळलेलें असूं शकतें. क्लोरेलेंतील 'के' जीवनसत्त्व रक्त पातळ ठेवणाऱ्या कांहीं औषधांच्या आड येतें. म्हणून कर्करोगाचा उपचार चालू असतां डॉक्टरांस न विचारतां अशी वस्तु घेऊं नये व घेत असल्यास ती लपवूं नये. तिची जागा फार तर साहाय्यकाची आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधें ह्यांच्या जागीं तिला बसवितां येणार नाहीं.

त्या मुलास मीं सांगितलें, "आधीं आजोबांस डॉक्टरांकडे ने. चट्ट्याची तपासणी होऊं दे. तंबाखू आजच सुटली पाहिजे. गोळ्यांचा विचार त्यानंतर, आणि तोही डॉक्टरांच्या संमतीनें. डबीच्या भरंवशावर महिने घालवूं नका."

हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असतां त्यानें अश्रू ढाळून प्रार्थना केली आणि ती ऐकिली गेली. तरीही यशया संदेष्ट्यानें त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितलेंच. विद्यार्थिमित्रांनो, श्रद्धा व उपचार ह्यांत वैर नाहीं. परंतु जाहिरातीवरील विश्वासास श्रद्धा म्हणत नाहींत. आपल्या घरीं कोणाच्या तोंडांत असा चट्टा दिसल्यास भीड न धरितां बोला. वेळीं बोललेला एक शब्द एखाद्याचा जीव वांचवूं शकेल.