कागदाचा माग

इतिहासाचा तास म्हटला की तुमच्यापैकी अनेकांना सनावळ्या आठवतात. त्यातून जगाचा इतिहास म्हणजे आणखी कठीण. चीनचे सम्राट, बगदादचे खलिफा, युरोपातले राजे. किती नावे पाठ करायची? हे ओझे हलके करण्याचा एक साधा उपाय आहे. राजाला थोडा वेळ बाजूला ठेवा आणि एखाद्या वस्तूचा माग काढा. ती कुठे तयार झाली, कोणी पुढे नेली, वाटेत तिच्यात काय बदल झाला, हे विचारत चला. म्हणजे देश आणि सन एका दोऱ्यात ओवले जातात. आज आपण कागदाचा माग काढू.

सुरुवात शब्दांपासून करू या. तुम्ही घरी 'कागज' म्हणता, मराठीत आपण 'कागद' म्हणतो. दोन्ही शब्द फारसीकडून आले. दुकानात आपण कागदाचा 'दस्ता' मागतो. तोही फारसी, त्यात 'दस्त' म्हणजे हात लपलेला आहे. आणि मोठ्या गठ्ठ्याला आपण 'रीम' म्हणतो. हा शब्द इंग्रजी वाटतो ना? पण त्याचे मूळ अरबी 'रिज्मा' या शब्दात आहे. रिज्मा म्हणजे गठ्ठा. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये गेला, तिथून फ्रान्समार्गे इंग्लंडमध्ये, आणि इंग्रजांबरोबर आपल्या दुकानात आला. कागद कोणत्या वाटेने युरोपात पोचला, ते या एका शब्दावरून कळते. ही वाट ओळखणे तुम्हांला इतरांपेक्षा सोपे जाते, कारण उर्दूमुळे यांतले निम्मे शब्द तुमच्या ओळखीचे असतात.

कागद मूळचा चीनचा. इ. स. १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने कागद बनवण्याची रीत सम्राटाला सादर केली, असे चिनी इतिहासग्रंथ सांगतात. झाडाची साल, ताग, चिंध्या, मासे धरायची जुनी जाळी असे टाकाऊ सामान भिजवायचे, कुटून त्याचा लगदा करायचा, तो चाळणीसारख्या साच्यावर पातळ पसरायचा आणि वाळवायचा. पुढे चीनच्या गान्सू प्रांतात उत्खननात कागदाचे तुकडे सापडले. ते त्साय लुनच्या दोनशे वर्षांहूनही आधीचे निघाले! म्हणजे त्याने कागद शोधला नसावा. आधीची रीत सुधारली असावी.

आता या प्रवासातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ऐका. इ. स. ७५१ मध्ये मध्य आशियातल्या तलास नदीजवळ अब्बासी खिलाफतीच्या फौजेने चिनी फौजेचा पराभव केला. त्या लढाईत काही चिनी कारागीर कैद झाले. त्यांनी समरकंदच्या लोकांना कागद बनवायला शिकवले आणि तिथून ही विद्या मुस्लिम जगात पसरली. गोष्ट छान आहे. सन आहे, लढाई आहे, कैदी आहेत. लक्षातही पटकन राहते.

पण थांबा. ही गोष्ट कोणी सांगितली? निशापूरचा विद्वान सआलिबी याने. तो इ. स. ९६१ ते १०३८ या काळात होऊन गेला. म्हणजे लढाईनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी त्याने ती लिहिली. मग लढाईच्या वेळचा कोणी साक्षीदार आहे का? आहे. दू ह्वान नावाचा एक चिनी माणूस तलासच्या लढाईत कैद झाला होता. तो काही वर्षे अब्बासींच्या मुलखात राहिला आणि इ. स. ७६२ मध्ये समुद्रमार्गे मायदेशी परतला. त्याच्या लेखनाचे काही तुकडे आज उपलब्ध आहेत. तिथे भेटलेल्या चिनी विणकरांचा आणि चित्रकारांचा त्याने उल्लेख केला आहे. कागद बनवणाऱ्यांचा मात्र त्यात कुठेही उल्लेख नाही.

आणखी एक पुरावा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. १९०७ साली ऑरेल स्टाईन या संशोधकाला चीनमधल्या दुनह्वांग शहराच्या पश्चिमेला, एका पडक्या पहाऱ्याच्या बुरुजात, जुनी पत्रे सापडली. ती सोग्दी भाषेत होती. सोग्दी म्हणजे समरकंदच्या परिसरातले व्यापारी लोक. ही पत्रे इ. स. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे तलासच्या लढाईच्या चारशेहून अधिक वर्षे आधीची आहेत, असे तज्ज्ञ मानतात. आणि ती कागदावर लिहिलेली आहेत! त्यांतल्या एका पत्रावर तर समरकंदचाच पत्ता आहे.

या पत्रांपैकी दोन मिवनाय नावाच्या स्त्रीची आहेत. एक आईला, दुसरे नवऱ्याला. नवरा तिला आणि मुलीला दुनह्वांगमध्ये सोडून निघून गेला होता. परक्या गावात, हातात पैसा नाही, माहेरी परत नेणारा कोणी नाही. आईला लिहिताना ती रडकुंडीला आली आहे आणि नवऱ्याला लिहिताना तिचा राग अनावर झाला आहे. नवऱ्याच्या पत्रात शेवटी मुलीनेही चार ओळी लिहिल्या आहेत. ही पत्रे पोचलीच नाहीत. पुढे मायलेकींचे काय झाले, ते कोणालाच ठाऊक नाही. तिच्या दुःखाचा कागद आज आपल्याला साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो. तिच्या काळच्या कोणत्या राजाने आपल्याला इतके जवळून काही सांगितले आहे?

तर मग सआलिबी खोटा ठरला का? इतकी घाई करू नका. कागद वापरणे वेगळे आणि बनवणे वेगळे. तुम्ही वही वापरता, पण ती बनवत नाही. समरकंदचे लोक कागद बाहेरून आणतही असतील. तरीही व्यापारी आणि बौद्ध भिक्षू कित्येक शतके या वाटेने ये-जा करत होते. त्यांच्याबरोबर ही विद्या हळूहळू आली असावी आणि लढाईची गोष्ट मागाहून तिला चिकटली असावी, असे आज अनेक इतिहासकारांना वाटते. मलाही तेच पटते.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस, हारून अल-रशीदच्या काळात, बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. चर्मपत्रावरचे अक्षर खरवडून काढता येई. कागदात शाई मुरते, त्यामुळे हिशेबात लबाडी करणे अवघड झाले. बगदादमध्ये वर्राकांचा, म्हणजे कागद विकणाऱ्यांचा आणि पुस्तके नकलून देणाऱ्यांचा, बाजारच होता. इब्न अल-नदीम हा असाच एक वर्राक. आपल्याला माहीत असलेल्या पुस्तकांची त्याने इ. स. ९८७ मध्ये मोठी यादी केली. बाराव्या शतकात स्पेनमध्ये आणि तेराव्या शतकात इटलीत कागद बनत होता. त्यानंतर, १४५५ च्या सुमारास, गुटेनबर्गने जर्मनीत बायबल छापले. काही पुस्तके चीनवरून थेट गुटेनबर्गवर उडी मारतात. मधली सातशे वर्षे त्यांना दिसत नाहीत. अशी उडी दिसली की वर्गात जरूर हात वर करा.

हा माग आपल्या राज्यातही येतो. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. तिथे हाताने कागद बनवण्याची जुनी परंपरा आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्याबरोबर कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर आले, असे सांगतात. इथेही सन आहे, सुलतान आहे, स्थलांतर आहे. गोष्ट लगेच लक्षात राहते. आता तलासच्या गोष्टीला आपण जे प्रश्न विचारले, तेच या गोष्टीला विचारून पाहा. ही गोष्ट प्रथम कोणी लिहिली? किती वर्षांनी? त्या काळचा एखादा कागद हाती लागला, तर तो कशाचा बनला आहे, हे कोणाकडून तपासून घ्याल?