एका गोळीत तीन औषधे



घरातील औषधांच्या डब्यात सर्दीच्या गोळ्यांची पट्टी असेल, तर ती मोठ्या माणसांकडून मागून घ्या. गोळी काढायची नाही. मागची बारीक अक्षरे तेवढी वाचायची. पुष्कळ पट्ट्यांवर अशा तऱ्हेची यादी आढळेल : क्लोरफेनिरामाइन मॅलिएट २ मि.ग्रॅ., फेनिलएफ्रिन हायड्रोक्लोराइड १० मि.ग्रॅ., पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. म्हणजे जिला आपण 'सर्दीची एक गोळी' म्हणतो, तिच्यात तीन औषधे असतात. प्रत्येकाचे काम निराळे आणि प्रत्येकाचा धोकाही निराळा.

नाक का चोंदते?

सर्दी विषाणूंमुळे होते. सर्दी आणणारे विषाणू २०० हून अधिक प्रकारचे आहेत. नाकाच्या आतील अस्तरात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. विषाणूंचा शिरकाव झाला, की या वाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि अस्तर सुजते. कितीही शिंकरले तरी नाक मोकळे होत नाही, याचे कारण हेच. वाट केवळ शेंबडाने नव्हे, तर सुजेने अडलेली असते.

धूळ किंवा परागकण यांच्या अ‍ॅलर्जीमुळे येणाऱ्या शिंका वेगळ्या. तेथे 'मास्ट' नावाच्या पेशी हिस्टॅमिन हे रसायन बाहेर सोडतात. हिस्टॅमिन ठरावीक पेशींवरील ग्राहींना जाऊन चिकटते आणि खाज, शिंका, पाणी गळणे सुरू होते.

पहिले औषध : हिस्टॅमिनविरोधी

क्लोरफेनिरामाइन या ग्राहींवर आधीच ठाण मांडते. मग हिस्टॅमिनला जागा उरत नाही. असे औषध शोधण्याचे पहिले यश १९३७ मध्ये डॅनिएल बोव्हे यांना मिळाले. त्यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पण हिस्टॅमिन नाकापुरतेच नसते. मेंदूत ते आपल्याला जागे ठेवण्याचे काम करते. क्लोरफेनिरामाइन रक्तातून मेंदूत शिरते, तेथेही त्याची वाट अडवते आणि डोळ्यांवर झापड येते. ही गोळी घेऊन सायकल वा मोटार चालवणे, यंत्रावर काम करणे धोक्याचे. अभ्यासही नीट होत नाही. सोबत दारू किंवा झोपेचे औषध असेल, तर गुंगी फार वाढते. लहान मुलांत कधी उलटे घडते : मूल झोपण्याऐवजी चिडचिडे व अस्वस्थ होते.

याच औषधाने अ‍ॅसिटिलकोलिन या दुसऱ्या रसायनाचेही काम अडते. त्यामुळे नाकाचे पाणी आटते, पण तोंडही कोरडे पडते. काचबिंदू असलेल्यांच्या डोळ्यांतील दाब वाढू शकतो आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते.

दुसरे औषध : नाक मोकळे करणारे

फेनिलएफ्रिन व स्यूडोएफेड्रिन ही औषधे रक्तवाहिन्यांना आकुंचित करतात. सूज उतरावी, हा हेतू. मात्र पोटात गेलेले औषध नाकाचा पत्ता विचारून जात नाही. ते साऱ्या शरीरभर फिरते. म्हणून रक्तदाब वाढणे, छाती धडधडणे, झोप न लागणे हे त्रास संभवतात. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा थायरॉइडच्या रोग्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

याच गटातील फेनिलप्रोपॅनोलामाइन एकेकाळी सर्दीच्या गोळ्यांत सर्रास असे. त्याचा मेंदूतील रक्तस्रावाशी संबंध दिसून आल्यावर २००० मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढून घेण्यात आले, आणि २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली.

फेनिलएफ्रिनची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. गिळलेल्या गोळीतील बराचसा भाग आतड्यात व यकृतातच निकामी होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने पुरावे तपासून सांगितले, की तोंडाने घेतलेल्या नेहमीच्या मात्रेत त्याने नाक मोकळे होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने ते गोळ्यांतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला.

नाकात टाकायचे थेंब लवकर गुण देतात. पण चार-पाच दिवसांहून अधिक वापरले, तर थेंबांचा असर ओसरताच अस्तर पुन्हा सुजते. मग थेंबांमुळेच नाक चोंदू लागते!

तिसरे औषध : पॅरासिटामॉल

हे ताप व अंगदुखी कमी करते. योग्य मात्रेत ते चांगले औषध आहे. धोका आहे तो नकळत दुप्पट घेण्याचा. सर्दीच्या गोळीत ते असते आणि तापाच्या गोळीतही तेच असते. मात्रा फार झाली, तर यकृताला गंभीर इजा होते.

धाकट्या भावंडांसाठी

डिसेंबर २०२३ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश दिला. मोठ्या मुलांनाही मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. थेंबांची बाटली व पातळ औषधाची बाटली एक नव्हे. एकीत १ मि.लि. मध्ये २ मि.ग्रॅ. औषध असेल आणि दुसरीत तेवढेच ५ मि.लि. मध्ये, तर बाटली बदलताच मात्रा पाचपट होईल. घरातील चमचेही सारखे नसतात. म्हणून बाटलीसोबतचे मापच वापरावे.

लक्षात ठेवा

१. या गोळीने विषाणू मरत नाहीत. साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते.
२. दोन औषधे एकाच वेळी घेण्यापूर्वी दोन्हींची नावे नव्हे, तर घटक ताडून पाहा.
३. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला चालेलच असे नाही.
४. विश्रांती, पुरेसे पाणी आणि मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब यांनी आराम पडतो. वाफ घेताना उकळते भांडे लहान मुलांच्या जवळ ठेवू नका. भाजण्याचे अपघात होतात.
५. श्वास लागणे, कान दुखणे, तीन दिवसांहून अधिक ताप किंवा तान्ह्या बाळाची सर्दी असेल, तर डॉक्टरांकडे जा.

सोडवून पाहा

एका काकांनी २४ तासांत सर्दीच्या ४ गोळ्या (प्रत्येकीत पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ.) आणि तापाच्या ४ गोळ्या (प्रत्येकीत ६५० मि.ग्रॅ.) घेतल्या. निरोगी प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मि.ग्रॅ. आहे. काकांनी ती ओलांडली का? किती मि.ग्रॅ. ने?

(उत्तर : २,००० + २,६०० = ४,६०० मि.ग्रॅ. मर्यादा ६०० मि.ग्रॅ. ने ओलांडली. काकांना बरे वाटत असले, तरी लगेच डॉक्टरांकडे न्यावे. यकृताच्या इजेची लक्षणे एक-दोन दिवस दिसत नाहीत.)