मोजलेले प्राणी

नैसर्गिक निवडीचा धडा आला कीं फळ्यावर जिराफ काढावयाचा, ही शिक्षकांची जुनी वहिवाट. परंतु किती जिराफ जगले, किती मेले आणि ते कोणीं मोजले, असें एखाद्या चौकस मुलानें विचारलें म्हणजे आम्हां शिक्षकांस उत्तर सुचत नाहीं. शिवाय जासईच्या मुलांनीं जिराफ पाहिला तो बहुधा चित्रांतच. तेव्हां ओळखीचा आणि खरोखर मोजलेला प्राणी शोधावा, असें आम्हीं ठरविलें. तो खाडीपलीकडे मुंबईंतच सांपडला; आणि तो होता आपल्या कणगीभोंवतीं फिरणारा उंदीर!

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला. या रोगांत माणसांआधीं उंदीर मरतात. घरांत उंदीर पडला कीं मंडळी घर सोडून माळावर झोंपड्या घालीत. १८९९ मध्यें परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत प्लेगची प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था. १९०५ सालीं नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळानें मुंबईचे व मद्रासचे उंदीर धरून त्यांना प्लेगचे जंतु टोंचून पाहिले. मद्रासेस प्लेगचा उपद्रव फारसा झाला नव्हता. तेथील बहुतेक उंदीर मेले. मुंबईचे पुष्कळ जगले.

असें कां व्हावें? मूळच्या उंदरांत कांहीं जन्मतःच चिवट असावेत. साथींत नाजूक मेले, चिवट उरले, आणि पुढें पिलें झालीं तीं या उरलेल्यांचीं. उंदराची मादी सुमारें तीन आठवडेच गाभण असते; त्यामुळें आठदहा वर्षांत त्यांच्या कितीतरी पिढ्या होतात. येथें एक शंका घेतां येते, आणि ती घेणारा विद्यार्थी आम्हांस फार आवडेल: हे उंदीर पूर्वीं प्लेगांतून उठले असतील व म्हणून वांचले असतील तर? ती फेडण्यासाठीं, जेथें प्लेग नाहीं अशा पिंजऱ्यांत जन्मलेलीं त्यांचीं पिलें तपासलीं पाहिजेत.

ज्यांना स्वतः हिशेब मांडावयाचा आहे, त्यांनीं चिमणी घ्यावी. आपल्या वळचणीची हीच चिमणी विलायतेंतून अमेरिकेंत नेली गेली. फेब्रुवारी १८९८ च्या आरंभीं, मोठ्या हिमवादळानंतर, प्रॉव्हिडन्स शहरीं गारठलेल्या १३६ चिमण्या प्राध्यापक बंपस यांच्याकडे आणल्या गेल्या. ७२ वांचल्या, ६४ मेल्या. त्यांनीं प्रत्येकीचें वजन, लांबी व हाडें मोजून सारें कोष्टक छापलें. वांचलेले नर मेलेल्यांहून सरासरीनें किंचित् आखूड व हलके होते. हा गुण पिलांत उतरला कीं नाहीं, हें मात्र त्या कोष्टकावरून कळत नाहीं. तेवढ्यासाठीं पुन्हा उंदरांकडेच यावें लागतें.

८७ नरांपैकीं ५१ व ४९ माद्यांपैकीं २१ वांचल्या. शेंकडा प्रमाण मुलांनीं वहींत काढावें; उत्तर आम्हीं येथें देत नाहीं.