जुनी फोल्डिंग सायकल : भाव वाजवी आहे का?



फ्लॅटमध्ये जागा कमी असते, म्हणून घडी होणारी सायकल सोयीची वाटते. नवी महाग पडते, तेव्हा जुनीचा विचार होतो. पण विकणाऱ्याने सांगितलेला भाव योग्य आहे की नाही, हे कसे ठरवावे? क्रम लक्षात ठेवा : आधी तपासणी, मग हिशेब, शेवटी मोलभाव.

१) बिजागरी : साध्या सायकलीची फ्रेम अखंड असते, हिची मधोमध दुमडते. म्हणून हा जोड सर्वांत महत्त्वाचा. कडी घट्ट लावून पुढचा ब्रेक दाबा व सायकल मागे-पुढे हलवा. जोडावर बोट ठेवा. कडी मेकॅनिककडून कसून घेतल्यावरही खटखट जाणवली, जोडाजवळ चीर दिसली किंवा तेवढ्याच जागी नवा रंग असला, तर ती सायकल घेऊ नका. हँडलचा जोडही असाच पाहा.

२) सीटचा दांडा : त्यावर मर्यादेची खूण असते. तुमच्या उंचीप्रमाणे सीट वर केल्यावर ती खूण बाहेर दिसता कामा नये.

३) चेन : दोन पिनांमधील अंतर अर्धा इंच असते, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ १/८ इंच भरल्या तर चेन झिजली आहे. बहुधा दातेरी चक्रेही बदलावी लागतील.

४) टायर : २० इंची चाके दोन मापांची असतात, ४०६ व ४५१ मि.मी. एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरवरील आकडा वाचा व ते माप गावात मिळते का, विचारा.

५) बिल : फ्रेमवरील नंबर बिलाशी जुळतो का, पाहा.

आता हिशेब. समजा, तशाच चांगल्या स्थितीतील जुन्या सायकली ८,००० रुपयांना विकल्या जातात. या सायकलीला टायर १,०००, चेन व चक्रे ९०० आणि ब्रेक ३०० असा २,२०० रुपये खर्च आहे. तर वाजवी भाव ५,८०० रुपये.

मात्र चिरलेली बिजागरी हिशेबात वजा करता येत नाही. अशी सायकल हजार रुपयांतही महागच, कारण ती भर रस्त्यात मोडू शकते. तसेच, भाव पाडण्यासाठी नसलेला दोष सांगू नका. विकणाऱ्यालाही योग्य दाम मिळाला पाहिजे.

स्वाध्याय : चांगल्या सायकलीचा भाव ६,५०० रुपये. दोन टायर प्रत्येकी ४५० व चेन ३५० रुपये. विकणारा ५,५०० मागतो. किती कमी करण्यास सांगाल?