ह्याला टाका कुठं घालू?

जून २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी लागू झाली, तेव्हा मी कचऱ्यासाठी नव्या पिशव्या आणल्या. हिरवा रंग, वर पानाचं चित्र आणि ठळक अक्षरात ‘बायोडिग्रेडेबल’. दाम जास्त होता, पण आनंदाने दिला. गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये ओला कचरा पिशवीसकट टाकत गेले.

वर्षभराने ड्रम उपसला. भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा यांची काळी, भुसभुशीत माती झाली होती. पण मूठ उघडली, तर त्यात नखाएवढे हिरवे कपटे. चाळणीने चाळलं तरी बारके तुकडे राहिलेच. ते खत टोमॅटोच्या कुंड्यांना घालायला मन धजेना. अख्खी पिशवी निदान हाताने उचलून बाजूला तरी काढता आली असती.

तुकडे पडणं म्हणजे कुजणं नव्हे, हे मला तेव्हा समजलं. अशा काही पिशव्या साध्या प्लॅस्टिकच्याच असतात. उन्हाने आणि हवेने त्या फुटाव्यात म्हणून त्यात रसायन मिसळलेलं असतं. ‘कंपोस्टेबल’ पिशवी वेगळी. तिच्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असायला हवा. पण तिचीही परीक्षा होते ती ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत. घरच्या ड्रममध्ये एवढी ऊब टिकत नाही. म्हणून ओल्या कचऱ्याच्या डब्याला पिशवीच लावू नका. तळाशी रद्दीचा कागद घाला, कचऱ्याची गाडी येऊन गेली की डबा धुऊन पालथा घाला.

दुसरा धडा चपलेने दिला. घाईत मी कोल्हापुरीसारखी दिसणारी, रेक्झिनची चप्पल घेतली. दोन महिन्यांत तळ सुटला. दुरुस्तीला नेली, तर कारागिराने ती उलटीसुलटी करून परत दिली. “वहिनी, सगळं चिकटवलंय. ह्याला टाका कुठं घालू?”

अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. खिळा नाही, शिवण चामड्याच्या वादीची. टाच झिजली की शिवण उसवायची, नवा थर घालायचा. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कचरा कमी करायची तिची युक्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

म्हणून मिक्सर असो, पाण्याची बाटली असो की ब्रश, घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. हे उघडतं का? याचा झिजणारा भाग वेगळा मिळतो का? आणि दुरुस्त करणारा माणूस आपल्या गावात आहे का? बांबूच्या ब्रशचे केसही बहुधा नायलॉनचे असतात. टाकताना ते पकडीने उपटून सुक्या कचऱ्यात द्या.

वेष्टनावरचं पान बघून भुलू नका. वस्तू उलटी करा आणि तिचा सांधा बघा.